फोनवर सगळं आहे, मग फिल्म सोसायटीचा सिनेमा कशाला?

आजचा विषय आपल्या कोल्हापूरचा आहे. 'कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी' हे नाव तुम्ही बातमीत किंवा फलकावर पाहिलं असेल. कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे किफ, हीच संस्था भरवते. पण बरेच जण विचारतात, भावा, सगळं फोनवर आहे की. मग दसरा चौकात शाहू स्मारक भवनात जाऊन इराणचा नाहीतर पोलंडचा सिनेमा कशाला बघायचा? आणि तिथं कुणालाही सोडतात का?

प्रश्न रास्त आहेत. एकेक घेऊ.

फिल्म सोसायटी म्हणजे नक्की काय?

सोपं आहे. थिएटरवाले जो सिनेमा लावत नाहीत, तो बघायचा असेल तर काय करायचं? वर्गणी काढायची, सिनेमा मागवायचा, एकत्र बसून बघायचा आणि नंतर त्यावर बोलायचं. 1947 साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली, ती याच पद्धतीनं. 1959 मध्ये अशा सोसायट्यांचं फेडरेशन झालं आणि राय त्याचे अध्यक्ष झाले. मुंबईत 1968 साली 'प्रभात चित्र मंडळ' सुरू झालं. त्या नावातली 'प्रभात' म्हणजे आपल्या कोल्हापुरात 1929 साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी. 1933 मध्ये ती पुण्याला गेली, पण जन्म इथलाच.

त्या काळात सिनेमा म्हणजे रिळांचे जड डबे. ते रेल्वेनं यायचे, एका गावात खेळ झाला की पुढच्या गावाला जायचे. डबा वेळेवर आला नाही तर खेळ रद्द. आता फाइल येते, पण निवडण्याचं, परवानगी मिळवण्याचं आणि माणसं गोळा करण्याचं काम तेवढंच राहिलंय.

सभासदांचा खेळ आणि सगळ्यांसाठी खुला खेळ

इथं बहुतेकांचा घोळ होतो. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सिनेमा जाहीरपणे दाखवायचा तर त्याला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. बाहेरच्या देशातल्या एखाद्या छोट्या सिनेमाला ते कोण घेणार? म्हणून फेडरेशनशी जोडलेल्या सोसायट्यांना सूट मिळत आली. अट एकच, सिनेमा फक्त सभासदांना दाखवायचा. त्यामुळे दारात कार्ड विचारलं तर ती मिजास नव्हे, ती कायद्याची अट आहे. महोत्सवातही 'डेलिगेट' म्हणून नाव नोंदवायला लावतात, त्यामागंही साधारण असंच कारण असतं.

मग खास खेळ, 'सर्वांना मुक्त प्रवेश' लिहिलेला, तो कसा होतो? त्यासाठी प्रमाणपत्र असलेला सिनेमा निवडतात आणि ज्याच्याकडे हक्क आहेत त्याची परवानगी घेतात. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फार दुर्लक्ष करतो. तुमचं ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. ते प्रोजेक्टरला जोडून मंडळाच्या हॉलमध्ये दोनशे माणसांना दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरी. टेलिग्रामवरून उतरवलेल्या फाइलची तर गोष्टच सोडा.

मुलांसाठीचं उदाहरणही इथलंच आहे. 'चिल्लर पार्टी' ही विद्यार्थी चित्रपट चळवळ शाळकरी पोरांना चांगले बालचित्रपट मोफत दाखवते. पोराला स्वतःचा फोन मिळायच्या आधी जगातल्या दुसऱ्या पोरांची गोष्ट मोठ्या पडद्यावर दिसते, ही साधी बाब नाही.

एका खेळानं काय होतं?

आता मुद्द्यावर येऊ. 1913 साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून कोल्हापुरातले दोन चित्रकार भाऊ, आनंदराव आणि बाबूराव पेंटर, झपाटले. आपणही सिनेमा करायचा! कॅमेरा नव्हता, तर तो इथंच बनवायला घेतला. आनंदराव मध्येच गेले, बाबूरावांनी काम पुरं केलं. 1920 साली त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' आला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी याच कंपनीत शिकली आणि पुढे त्यांनी प्रभात काढली. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ रोज गाडीवरून जाताना दिसतो ना? तो या सगळ्याची आठवण आहे.

दुसरं उदाहरण बघा. 'बायसिकल थीव्ह्ज' हा इटलीचा सिनेमा. राय यांनी तो 1950 मध्ये लंडनला पाहिला आणि 1955 मध्ये 'पथेर पांचाली' आला. 1952 साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, तिथं तो बिमल रॉय यांनी पाहिला. पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. कर्जापायी जमीन जाण्याची वेळ आलेला शेतकरी शहरात जाऊन रिक्षा ओढतो, ही त्याची गोष्ट.

आणि इथं आपल्याला थांबावं लागतं. कारण सावकारानं जमीन गिळलेला आणि पोटासाठी शहरात मजूर झालेला शेतकरी बाबूराव पेंटरांनी 1925 सालीच पडद्यावर आणला होता. सिनेमा 'सावकारी पाश', आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. 'दो बिघा जमीन'च्या तब्बल 28 वर्षं आधी, तेही कोल्हापुरात!

कल्पना करा, शाहू स्मारकला एका संध्याकाळी दोन खेळ, आधी 'सावकारी पाश' आणि मग 'दो बिघा जमीन'. काय चर्चा रंगली असती! पण हा कार्यक्रम कुठलीच सोसायटी करू शकत नाही. 'सावकारी पाश'चा तो मूकपट आज उरलेला नाही. त्याच्याबद्दल वाचता येतं, बघता येत नाही.

सिनेमा हरवतो कसा?

मूकपटांच्या काळातली फिल्म नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घेते, आणि नाही पेटली तरी नीट न ठेवल्यास आपोआप कुजते. त्यातली चांदी काढण्यासाठीही रिळं विकली गेली. पण खरं कारण वेगळंच आहे. बोलपट आले आणि मूकपट बघायला कुणी येईना. जो माल कुणाला नको, त्याला गोदामात जागा कोण देणार? भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले तीसच्या आसपास उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते 1964 साली. तोवर उशीर झाला होता.

उलट प्रभातचा 'अयोध्येचा राजा', 1932 चा, कोल्हापुरात झालेला बोलपट, आजही आहे. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. तो आपण बघू शकतो, दाखवू शकतो.

तर फोनवर सगळं आहे, हा समज सोडून द्या. फोनवर तेच असतं जे आज कुणाला तरी विकायचं आहे. उद्या करार संपला की यादीतून सिनेमा गायब, आणि आपल्याला पत्ताही नसतो. सिनेमा टिकतो तो मागणाऱ्यामुळे. सोसायटीचा खेळ म्हणजे अशी मागणी करणारी माणसं एका खोलीत आणणं. शंभर माणसं एखाद्या जुन्या सिनेमासाठी येतात, तेव्हा त्याची प्रत शोधायला, दुरुस्त करायला, जपायला कारण मिळतं.

जायचं तर कसं?

आधी एवढं विचारा: खेळ सभासदांचा की खुला? सबटायटल कोणत्या भाषेत? नाव आधी नोंदवायचं का? दहा मिनिटं आधी पोचा, उशिरा येणाऱ्याच्या फोनचा उजेड सगळ्या हॉलला दिसतो. सिनेमा कळला नाही तरी चर्चेला थांबा. नाही कळलं, असं तिथं खुशाल म्हणता येतं.

आणि एक काम तुमच्यासाठी. घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांनी बघितलेला कोणता सिनेमा आता कुठंच सापडत नाही? ते नाव घेऊन सोसायटीच्या माणसांना भेटा आणि सांगा, हा बघायचाय. सापडेलच असं नाही. पण कुणी विचारलंच नाही, तर तो शोधायला कुणी जाणार नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि एखादी संध्याकाळ फोन खिशात ठेवून बघा.