पडक्या हॉटेलाची आठवण पुरावा कशी होते?

कल्याणहून कर्जत लोकलने नेरळ, तिथून वर माथेरान. समजा, तिथल्या एका ओस पडलेल्या हॉटेलाबद्दल एक आजोबा सांगतात, ‘साहेबाच्या काळी पाहुणे छोट्या गाडीने यायचे.’ लगेच लिहून टाकू नका. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये इथे आले, पण गाडी सुरू झाली १९०७ मध्ये. म्हणजे आठवण १९०७ ते १९४७ मधली. आजोबांनी हे स्वतः पाहिलं की वडिलांकडून ऐकलं, तेही विचारा. त्याआधीचं हवं असेल तर ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं गॅझेटियर उघडा. माथेरान तेव्हा ठाण्यात होतं. नुसतं रायगडच्या नावाखाली शोधलंत तर हुकेल. पण आधी मुलाखत रेकॉर्ड करा. गॅझेटियर पुढच्या वर्षीही मिळेल, आजोबा भेटतीलच असं नाही.