लेट्राइल : दावा आणि वास्तव

- मूळ : जर्दाळूच्या बियांतला गर, कडू बदाम यांत अमिग्डालिन असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते १८३० मध्ये वेगळे केले. लेट्राइल हे त्याचेच अर्धकृत्रिम रूप.
- ‘बी-१७’ : विक्रीसाठी दिलेले नाव. हे जीवनसत्त्व नाही.
- दावा : लेट्राइल हा कर्करोगावरचा उपचार आहे; त्यातून कर्करोगाच्या पेशींतच सायनाइड सुटते, निरोगी पेशी सुरक्षित राहतात.
- वास्तव : असा भेद आढळलेला नाही. पोटात घेतल्यास आतड्यातील जिवाणू सायनाइड मोकळे करतात. त्यामुळे इंजेक्शनपेक्षा गोळ्या अधिक घातक.
- चाचणी : अमेरिकेत १७८ रुग्ण, निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध. आजार बरा झाला नाही, आटोक्यातही आला नाही. काहींच्या रक्तातील सायनाइड विषारी पातळीजवळ पोहोचले.
- विषबाधेची लक्षणे : मळमळ, डोकेदुखी, चक्कर, निळसर त्वचा.
- मान्यता : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची नाही.