‘चेअरी’ म्हणजे नुसते सावध नव्हे! काय आहे या शब्दाचा अर्थ?

‘लहान उद्योगांना कर्ज देण्याबाबत बँका चेअरी आहेत,’ अशा अर्थाचे वाक्य इंग्रजी वर्तमानपत्रात अधूनमधून वाचायला मिळते. स्पेलिंग सी-एच-ए-आर-वाय. बोलण्यात हा शब्द फारसा येत नाही, त्यामुळे कुणाला चेरी आठवते, कुणाला चॅरिटी. त्याचा संबंध दोन्हींशी नाही.

शब्दकोशात पहिला अर्थ ‘सावध’ असा मिळतो. तेवढ्यावर थांबले, तर वाक्याचा रोख मात्र चुकतो. ‘कॉशस’ बँक कागदपत्रे नीट तपासून कर्ज देते. ‘चेअरी’ बँक मुळात द्यायलाच कचरते. आपल्याकडे ‘हात आखडता घेणे’ म्हणतात, त्याच्या हा शब्द सर्वांत जवळ जातो. एखादे प्राध्यापक कौतुकाच्या बाबतीत ‘चेअरी’ आहेत असे कुणी लिहिले, तर त्यांच्या तोंडून शाबासकी सहजासहजी निघत नाही, असे समजावे. याच्याशी यमक जुळणारा ‘वेअरी’ हा शब्दही सावधपणाचाच, पण त्याची नजर धोक्यावर असते. मोबाइलवर अनोळखी लिंक आली की ‘वेअरी’ व्हायचे, आणि ओटीपी सांगण्याच्या बाबतीत ‘चेअरी’!

खरी गंमत या शब्दाच्या जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत ‘चेआरु’ म्हणजे दुःख, शोक. त्यावरून ‘चेआरिग’ म्हणजे दुःखी. दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितात जपली गेलेली ‘द वॉन्डरर’ ही कविता आहे. तिच्यातला एकाकी भटक्या स्वतःला ‘विंटरचेआरिग’ म्हणवतो, म्हणजे हिवाळ्यासारखा उदास. सावधपणाचा तिथे मागमूसही नाही. पुढे दुःखाची चिंता झाली, चिंतेतून जपणूक आली आणि सोळाव्या शतकापर्यंत ‘जपून वागणारा’ हा अर्थ रुळला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये लेअर्टीस बहिणीला उपदेश करताना हाच शब्द वापरतो.

त्याच मुळातून आलेला दुसरा शब्द आपण रोज वापरतो, तो म्हणजे ‘केअर’. एकाचा उच्चार ‘च’ने सुरू होतो, दुसऱ्याचा ‘क’ने, म्हणून ही भावंडे चटकन ओळखू येत नाहीत.

मराठी माणसाला हा प्रवास परका वाटू नये. ‘काळजी करू नकोस’ आणि ‘काळजी घे’ या दोन वाक्यांत शब्द एकच. पहिल्यात तो चिंता आहे, दुसऱ्यात जपणूक. आणि तो आला काळजातून.

इंग्रजीने मूळचा शोक पुसून टाकला, जर्मनने मात्र एका ठिकाणी तो राखला. गुड फ्रायडेला जर्मन लोक ‘कारफ्रायटाग’ म्हणतात. त्यातला ‘कार’ याच कुळातला. अर्थ, शोकाचा शुक्रवार.