पोट भरते, पण पोषण होते का?

कुपोषण म्हटले की हाडांचा सापळा झालेले मूल डोळ्यांपुढे येते. आपल्या वर्गातले कुपोषित मूल बहुधा तसे नसते. ते शाळेत येते, खेळते. फक्त नऊ वर्षांचे असून सात वर्षांचे वाटते आणि तिसऱ्या तासाला पेंगते. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो.

जालना जिल्ह्यातील एखाद्या शेतमजुराच्या घरचे ताट पाहू. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, ठेचा, कधी पातळ वरण. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० उष्मांक लागतात. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून मिळतात साधारण २००. म्हणजे नुसत्या भाकरीवर भागवायचे तर आठ-साडेआठ भाकरी हव्यात! मुलाचे पोट तीन-चार भाकरींतच भरते. पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर तेल ४५ उष्मांक देते आणि पोटात जागाही अडवत नाही. पण हात आखडला की तेल, शेंगदाणे, डाळ हेच आधी कमी होतात. डाळ गेली की ज्वारीच्या प्रथिनांत कमी असलेले लायसिन भरून निघत नाही.

लोहाची गोष्ट आणखी वेगळी. बाजरीत लोह असते, पण त्याच धान्यातील फायटेटमुळे ते नीट शोषले जात नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी. 'क' जीवनसत्त्वाने शोषण सुधारते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती तोडणाऱ्या मजुराच्या मुलाला किती मिळते, हे विचारायला हरकत नाही.

खाल्लेलेही सगळे अंगी लागत नाही. दूषित पाण्याने हगवण लागते, भूक मरते. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतात. म्हणून जंतनाशक गोळीइतकेच शौचालय आणि पायातली चप्पलही महत्त्वाची.

शाळेतल्या जेवणाने यातले किती भरून निघते? प्राथमिक वर्गांसाठी ठरलेले प्रमाण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे आहे; म्हणजे दिवसाच्या उष्मांकांच्या गरजेचा चौथा हिस्सा, प्रथिनांचा त्याहून बराच मोठा. हा आधार मोलाचा आहे. पण दिवाळीच्या सुमारास आईवडील उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. मूल बरोबर गेले तर चार-पाच महिने तो आधार तुटतो. फडावरच्या कोपीत पहाटेच चूल पेटते आणि दुपारी सकाळचेच उरलेले खावे लागते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेल्या मुलाची निदान शाळेची खिचडी चुकत नाही.

निरोगी मुलाचे वजन या वयात वर्षाला दोन-तीन किलोंनी वाढते. म्हणून ऊसतोडीला जाण्यापूर्वी एकदा आणि परतल्यावर एकदा प्रत्येक मुलाचे वजन-उंची मोजून हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर लिहावी. पाच महिन्यांत काटा जागचा हलला नसेल, तर ते पान घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.