तक्रार-वही कोरी आहे म्हणून सगळं आलबेल?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत मालकवर्गात सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज हा, की तक्रार आली नाही म्हणजे छळ होत नाही. अंतर्गत समितीची बाह्य सदस्य म्हणून जिथे जाते तिथे "आमच्याकडे तसलं काही नाही हो मॅडम" हे ऐकायला मिळतं आणि सांगणाऱ्याला ते मनापासून वाटत असतं. एका कारखान्यात समितीचा फलक वरच्या मजल्यावर, अकाउंट्सच्या दाराशी लावला होता. पॅकिंगवरच्या बायका, बहुतेक कंत्राटी, त्या मजल्यावर कधी जातच नसत. मजकूर इंग्रजीत आणि फलकावरच्या दोन सदस्यांनी नोकरी सोडून बराच काळ लोटलेला. अशा ठिकाणी वही कोरीच राहणार. सहन होईनासं झालं की बाई थेट पोलीस ठाणं गाठते, नाहीतर गुपचूप काम सोडते.

छळ रोखणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात ठरवून दिलं. त्यामागे राजस्थानातल्या भटेरीच्या भंवरीदेवी होत्या. सरकारी योजनेत 'साथिन' म्हणून बालविवाह रोखायला गेल्या, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या निकालाचा पुढे २०१३ साली कायदा झाला.

"आमच्याकडे बायका चारच, समिती कशाला?" दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे समिती लागते आणि कायद्यातली ही दहाची मोजणी बायकांची नसून एकूण काम करणाऱ्यांची आहे. कंत्राटी, रोजंदारीवरचे, शिकाऊ, प्रोबेशनवरचे, सगळे त्यात येतात. शाखा वेगवेगळ्या गावांत असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती हवी. दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घरकाम करणाऱ्या बाईलाही तिथे दाद मागता येते.

"बाहेर घडलं, आमचा काय संबंध?" कंपनीची बस, कामाचा दौरा, ग्राहकाचं कार्यालय हे सगळं कामाचं ठिकाणच. त्रास देणारा माल पोचवायला आलेला बाहेरचा माणूस असला, तरी बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाचीच.

सर्वांत महागात पडतो तो पुढचा समज: "तिलाच दुसऱ्या विभागात टाकू, विषय मिटेल." हेतू अनेकदा चांगला असतो, पण त्या बाईला आणि सगळ्या शॉपफ्लोअरला दिसतं एवढंच, की जिने तोंड उघडलं तिची उचलबांगडी झाली. त्यानंतर दुसरी कुणी पुढे येत नाही. चौकशी चालू असताना बदली करायची तर ती तक्रारदार बाईच्या लेखी विनंतीवरून, समितीच्या शिफारशीने. बदली तिची होऊ शकते तशी त्या पुरुषाचीही. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून कापायची नसते. समेटही तिनेच मागितला तर करता येतो आणि पैसे देऊन तर मुळीच नाही.

"ताबडतोब काढून टाकलं की आपण सुटलो," असंही पुष्कळांना वाटतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात समितीने बैठकांवर बैठका घेऊन चौकशी उरकली होती. बडतर्फीचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, या कारणावरून मे २०२३ मध्ये न्यायालयाने कारवाई रद्द केली आणि चौकशी पुन्हा करायला सांगितलं. यात तक्रार करणाऱ्या मुलींची किती वर्षं गेली, याचा विचार करून जीव कळवळतो. चौकशीला कायद्याने नव्वद दिवस दिलेत. तेवढ्यात दोन्ही बाजूंना कागदपत्रं देऊन, साक्षी घेऊन, सगळं लिहून ठेवून काम नीट होतं. त्यानंतर अहवाल दहा दिवसांत आणि मालकाची कारवाई साठ दिवसांत व्हायला हवी.

"बायका कायद्याचा गैरफायदा घेतात" म्हणणाऱ्यांनी कलम १४ वाचावं. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत ठरलं तर कारवाईची तरतूद आहे. मात्र आरोप सिद्ध करता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. पुरुषांच्या तक्रारी या कायद्यात बसत नाहीत, त्यासाठी कंपनीच्या सेवानियमांत सोय करावी.

करायचं काय, तर फलक मराठी-हिंदीत, बायकांच्या जेवणाच्या खोलीत लावा आणि त्यावर सदस्यांचे चालू फोन नंबर द्या. प्रशिक्षणाला साहेबांबरोबर कंत्राटदाराचे मुकादमही बसवा, कारण रोजची पाळी तेच लावतात. लिहिता न येणाऱ्या बाईला तक्रार लिहायला समितीच्या अध्यक्षांनी किंवा सदस्यांनी मदत करायची असते, हेही सर्वांना सांगा. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सदस्यांचा कार्यकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. तुमच्या समितीचा कधी संपला, ते आज फाईल काढून बघा. समितीच नसेल तर पन्नास हजारांपर्यंत दंड होतो. पुन्हा तीच कसूर झाली तर दंड दुप्पट होतो आणि परवानाही जाऊ शकतो.