विश्लेषण : वाळवंटात सापडलेली हाडे काय सांगतात? काय सांगू शकत नाहीत?

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत जुलै १९९६ मध्ये चार जर्मन पर्यटक बेपत्ता झाले. दोन प्रौढ आणि दोन लहान मुले. त्यांची भाड्याची मिनीव्हॅन ऑक्टोबरमध्ये अँव्हिल कॅन्यनमध्ये सापडली, टायर बसलेल्या अवस्थेत. मोठी शोधमोहीम झाली, पण माणसांचा ठावठिकाणा लागला नाही. हाडे मिळाली १३ वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये.

ती कशी सापडली?

ती शोधली बचावकार्यातील दोन स्वयंसेवकांनी. नकाशात दक्षिणेला चायना लेक हा लष्करी तळ दिसतो. युरोपातून आलेल्या माणसाला वाटेल, तळ म्हणजे कुंपण आणि गस्त असणार, मदत मिळेल. प्रत्यक्षात तिकडे उघडे वाळवंटच आहे. हे कुटुंब त्याच दिशेने चालत गेले असावे, असा तर्क त्यांनी केला आणि शोध तिकडे वळवला. तर्क म्हणजे पुरावा नव्हे, पण अवशेष दक्षिणेकडच्याच भागात मिळाले.

सांगाडा एका जागी का नसतो?

कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) हाडे ओढून नेतो. गिधाडे, डोमकावळे आणि उंदीरही हातभार लावतात. कवटी गोल, त्यामुळे उतारावरून गडगडते. अचानक आलेल्या पुराचे पाणी उरलेसुरले वाहून नेते. म्हणून हाड उचलण्याआधी त्याची नेमकी जागा नोंदवणे महत्त्वाचे. हाडे कशी पसरली, यावरून माणूस मुळात कुठे पडला याचा अंदाज बांधता येतो.

मृत्यूला किती काळ झाला?

उन्हात हाड पांढरे पडते, मग भेगा, मग पापुद्रे. केनियातील अंबोसेली येथे प्राण्यांच्या हाडांवर झालेल्या अभ्यासातून १९७८ मध्ये या झिजेचे ० ते ५ असे सहा टप्पे मांडले गेले. पण एकाच सांगाड्यातील उन्हातले हाड आणि झुडपाखालचे हाड वेगवेगळ्या टप्प्यांवर असू शकते. त्यामुळे उत्तर वर्षांच्या अंदाजातच मिळते, तारखेत नाही.

ओळख कशी पटते?

प्रौढाच्या कटीच्या हाडावरून लिंग, मांडीच्या हाडावरून उंची, दातांवरून आणि हाडांच्या वाढीवरून वय कळते. उष्णतेने डीएनए तुटतो, म्हणून नमुना दातांतून किंवा अंतर्कर्णाभोवतीच्या घट्ट हाडातून घेणे श्रेयस्कर.

मृत्यूचे कारण?

इथे हाडे बहुतेक गप्पच राहतात. तहान किंवा उष्माघात हाडावर खूण सोडत नाही. ताजे हाड आणि वाळलेले हाड वेगळ्या प्रकारे मोडते, त्यामुळे जिवंतपणीची किंवा मृत्यूच्या सुमाराची जखम आणि नंतरची मोडतोड यांत बहुतेकदा फरक करता येतो. कुरतडल्याच्या खुणाही ओळखू येतात. बाकी भरवसा आजूबाजूच्या वस्तूंवर : बूट, ओळखपत्र, पाण्याची बाटली. डेथ व्हॅलीत तहान आणि उष्णता हेच कारण मानले जाते, पण ते परिस्थितीवरून.

या प्रकरणात प्रौढांचे अवशेष मिळाले. लहान मुलांची हाडे पातळ आणि हलकी असल्याने ती लवकर झिजतात, सहज नेलीही जातात. त्या दोन मुलांचे अवशेष खात्रीने ओळखता आलेले नाहीत.