बीटी कापसात अळी जिवंत कशी? शास्त्रज्ञ उत्तर कसं शोधतात

शास्त्रज्ञाचं चित्र काढा म्हटलं की मुलं पांढरा कोट आणि रंगीत पाण्याच्या नळ्या काढतात. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र हा पाठ कापसाच्या बोंडापासून सुरू करता येतो. गेवराई, माजलगाव, वडवणीकडच्या मुलांना बोंडअळी ओळखून द्यावी लागत नाही. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं मराठवाडा-विदर्भात केलेलं नुकसान पालकांना आठवत असेलच.

बीटी कापूस भारतात 2002 साली आला. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं असतं, त्यामुळे झाडातच एक प्रथिन तयार होतं. ते खाल्लं की बोंडअळी मरते. 2006 मध्ये दोन प्रथिनांचा बीटी कापूस आला. मग त्याच कापसाच्या बोंडात अळी जिवंत कशी?

पारावर याची उत्तरं तयार असतात. कुणी म्हणतं बियाणं बोगस, कुणी म्हणतं हवामानच खराब. शास्त्रज्ञ यातलं कुठलंच उत्तर लगेच फेकून देत नाही आणि लगेच मानतही नाही. 'हे खरं असेल तर अजून काय दिसायला हवं?' असं तो प्रत्येकाला विचारतो.

बियाणं बोगस असेल तर झाडात प्रथिन नसणार. म्हणून पान द्रावणात चुरगाळून त्यात चाचणीची पट्टी बुडवतात. रेघ उमटली, म्हणजे प्रथिन आहे. पण पुरेसं आहे का? झाड जुनं होतं तसं काही प्रथिनाचं प्रमाण घटतं. म्हणजे एक शंका मिटली की तिच्या पोटातून दुसरी निघते!

यावर उपाय म्हणजे झाडच बाजूला काढायचं. शेतातली बोंडं आणून अळ्या मिळवतात, त्यांची पुढची पिढी प्रयोगशाळेत वाढवतात. तिच्या खाद्यात प्रथिन मोजून मिसळतात, कुठे कमी, कुठे जास्त. शेजारी बीटी कधीच न चाखलेल्या अळ्या असतात, त्यांनाही तेच खाद्य. आणि काही अळ्यांना प्रथिनाशिवायचं साधं खाद्य देतात. मुलांना इथेच थांबवून विचारा, हे साधं खाद्य कशाला? साध्या खाद्यावरही अळ्या भराभर मरायला लागल्या तर प्रयोगातच काहीतरी गडबड आहे, तो निकाल धरता येत नाही. माझ्या मते अख्ख्या विज्ञानाच्या पुस्तकात शिकवण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

मारक मात्रा खाऊनही शेतातल्या अळ्या जगल्या आणि शेजारच्या मेल्या, तर अळी बदलली असं म्हणता येतं. पहिल्या प्रथिनाबाबत अशी प्रतिकारशक्ती गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत आढळल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं. पुढे दुसऱ्या प्रथिनालाही ही अळी पुरून उरली.

अळी 'शिकली' असं आपण बोलतो, पण तसं नसतं. लाखांत एखादी अळी जन्मतःच टिकाव धरणारी असते. बाकीच्या मेल्या की तिचीच पिल्लावळ वाढते. म्हणून 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी दिली जायची. त्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा टिकाव धरणाऱ्यांशी संकर व्हावा, हा हेतू. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही. अळीसाठी पीक कोण लावणार? शेतकऱ्याला दोष देण्याआधी, त्याला हे कारण कुणी नीट समजावलं होतं का, तेही विचारायला हवं. भरीस भर म्हणजे फरदड. उन्हाळ्यापर्यंत कापूस उभा ठेवला की अळीला खाद्य मिळतच राहतं.

अळी बोंडात शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आधीच सुगावा लागावा लागतो. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखी गोळी असते आणि नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज 8 पतंग, असं सलग तीन रात्री आढळलं तर फवारणीचा विचार करायचा. तीनच रात्री का? एखाद्या रात्रीचा आकडा वाऱ्यापावसानंही कमीजास्त होतो.

वर्गात एवढं करून बघा. नुकतीच फवारणी झालेलं शेत टाळून, पालकांकडूनच 20 हिरवी बोंडं तोडून आणायला सांगा. ती मोठ्यांनीच चिरायची, मोजणी मुलांनी करायची. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली, म्हणजे 10 टक्के किंवा जास्त प्रादुर्भाव. कापण्याआधी मुलांना एक प्रश्न द्या आणि उत्तर वहीत लिहून घ्या: सगळी 20 बोंडं बांधालगतच्या एकाच ओळीतून आणली असती, तर चाललं असतं का?